कळंल का कुणाला?

बोटॉक्सची चौकशी करायला पहिल्यांदा आलेली बाई ‘दुखतंय का?’ हे बऱ्याच उशिरा विचारते. त्याआधी आवाज खाली आणून विचारते, ‘कळंल का कुणाला?’ मग ‘किती पैसे?’ दुखण्याचा नंबर तिसरा. पुरुषांचाही पहिला प्रश्न तोच, फक्त ते तो मित्रासाठी विचारतात.

मी कोल्हापुरात राजारामपुरीत स्किनच्या डॉक्टरांकडे सिस्टर आहे. इंजेक्शन मॅडमच देतात. फ्रीजमधून बाटली काढणं, आधीचे-नंतरचे फोटो काढणं, संमतीपत्रावर सही घेणं, बर्फ धरणं आणि वेळ आली तर पेशंटचा हात धरणं हे माझं काम. मॅडमना विचारायची लाज वाटते ते सगळं माझ्याकडे येतं. क्लिनिकात येतं, रंकाळ्यावर फिरताना येतं, जावळाच्या जेवणात तर तांबड्या रश्श्याची दुसरी वाटी यायच्या आत शेजारची काकू कपाळ पुढं करून दाखवते. तेच तेच सांगून तोंड दुखायला लागलं, म्हणून एकदाचं लिहून ठेवते. मी डॉक्टर नाही, हे मात्र ध्यानात असू द्या.

निम्मा घोळ बोटॉक्स आणि फिलर एकच समजण्यातून होतो. दोन्ही सुईनं देतात, एवढंच त्यांच्यात सारखं. बोटॉक्स स्नायूवर काम करतं. आपण आठ्या घालतो, उन्हात डोळे बारीक करतो, भुवया वर चढवतो, तेव्हा कातडीखालचा स्नायू आवळतो आणि वर घडी पडते. स्नायूला ‘आवळ’ असा निरोप नसेतून ॲसिटिलकोलीन नावाच्या रसायनामार्फत जातो. बोटॉक्स त्या रसायनाची वाट अडवतं, त्यामुळे स्नायू सैल पडतो. फिलर म्हणजे जेल, बहुतेक वेळा हायल्युरॉनिक ॲसिडचं. जिथं खोलगट झालंय तिथं ते भरतात: गाल, ओठ, नाकाच्या कडेपासून ओठांच्या कोपऱ्यापर्यंत उतरणारी घडी. ‘कपाळात फिलर आणि ओठात बोटॉक्स करा’ असं सांगत आलेल्यांना मॅडम आधी आरसा देतात. आठ्या घाला म्हणतात, मग चेहरा सोडायला सांगतात. आठ्या घातल्यावरच रेघ दिसत असेल तर ते बोटॉक्सचं काम. चेहरा सोडल्यावरही खोल रेघ राहत असेल तर बोटॉक्सनं ती कमी होईल, पण पुसली जाईलच असं नाही. आणि ‘त्यानं गोरं होतंय न्हवं?’ असं विचारणाऱ्यांना आधीच सांगते, रंगाशी या दोन्हींचा काडीचाही संबंध नाही.

‘पण ते विष आहे म्हणे?’ आहे की. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाच्या जिवाणूचं विष. खराब झालेल्या डबाबंद अन्नातून ते पोटात गेलं तर माणूस लुळा पडून जीवही जाऊ शकतो. इंजेक्शनात ते इतकं थोडं असतं, की बहुतेक वेळा ज्या स्नायूत दिलं तिथंच त्याचं काम संपतं. चेहऱ्यासाठी ते आलं त्याची गोष्ट मला फार आवडते. सॅन फ्रान्सिस्कोचे डोळ्यांचे डॉक्टर ॲलन स्कॉट यांनी ते तिरळेपणावर वापरायला सुरुवात केली. १९८९ मध्ये अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या औषधांना मान्यता देणाऱ्या सरकारी खात्यानं, तिरळेपणा आणि पापण्यांची उबळ यांसाठी त्याला मान्यता दिली. कॅनडात व्हँकुव्हरला जीन कॅरुथर्स नावाच्या डोळ्यांच्या डॉक्टर ते पापण्यांच्या उबळीसाठी देत होत्या. त्यांची एक पेशंट एकदा रुसली, या वेळी भुवयांच्या मध्ये इंजेक्शन का दिलं नाही म्हणून. तिथं दिलं की चेहरा कसा निवांत दिसतो, हे तिचं तिलाच कळलं होतं. जीनबाईंचे नवरे, ॲलस्टर कॅरुथर्स, त्वचेचे डॉक्टर. दोघांनी मिळून मग निव्वळ आठ्यांसाठी ते करून बघितलं, आणि पहिली पेशंट कोण? त्यांच्याच क्लिनिकची रिसेप्शनिस्ट. हे ऐकल्यापासून आमच्या रिसेप्शनवरची पोरगी मॅडमकडं जरा संशयानं बघते. त्यांचा शोधनिबंध १९९२ ला आला आणि भुवयांमधल्या आठ्यांसाठी एफडीएची मान्यता २००२ मध्ये मिळाली.

आता बाटलीबद्दल, कारण याबद्दल कुणीच विचारत नाही आणि विचारायला हवं ते हेच.

मी बाटली फ्रीजमधून काढून समोर धरते तेव्हा दहातल्या नऊ जणी म्हणतात, ‘रिकामीच आहे की!’ खरंच तशी दिसते. पन्नास किंवा शंभर युनिटच्या बाटलीच्या तळाला पावडरीचा इतका पातळ थर असतो, की उजेडात तिरकी धरली तरच दिसतो. मॅडम त्यात मोजून सलाइन घालतात आणि बाटली हलकेच गोल फिरवतात. मग इन्सुलिनच्या असते तसल्या बारीक सुईच्या सिरिंजमध्ये भरतात. भुवयांच्या मध्ये पाच ठिकाणी, प्रत्येक ठिकाणी चार युनिट, असे वीस युनिट हा कंपनीनं छापलेला हिशेब. कमी-जास्त डॉक्टर ठरवतात. पुरुषांचे स्नायू दणकट, त्यांना बहुधा जास्त लागतं.

इथंच पैशाची गंमत होते. ‘तिकडं युनिट निम्म्या दरात आहे’ असं सांगत येणाऱ्या बायका मी पाहते. प्रत्येक कंपनीचं युनिट वेगळं असतं, बाई. बोटॉक्सचे जिथं वीस युनिट लागतात तिथं डिस्पोर्ट या दुसऱ्या कंपनीच्या औषधाचे पन्नास लागतात. युनिटचा दर कमी आणि युनिट अडीचपट, मग स्वस्त काय झालं? म्हणून युनिटचा भाव विचारू नका. कंपनी कोणती, या जागेला एकूण किती लागतील आणि एकूण बिल किती, असं विचारा. आमच्याकडे भुवयांमधल्या जागेचे सात-आठ हजारांच्या घरात होतात. फिलरची एक मिलीची सिरिंज वीस हजारांच्या पुढंच. एक मिली म्हणजे चहाच्या चमच्याचा पाचवा भाग, त्यामुळे ‘एका सिरिंजमध्ये दोन्ही गाल आणि ओठ करून टाका’ हे गणित बसत नाही. सौंदर्याच्या उपचारांवर अठरा टक्के जीएसटी लागतो आणि मेडिक्लेममध्ये हे काही बसत नाही. गुजरीत सोन्याला घासाघीस करायची सवय आपल्याला, पण इथं ज्यानं पटकन भाव उतरवला त्याच्या बाटलीत पाणी किती घातलंय ते आपल्याला दिसत नसतं. बाटली समोर उघडायला सांगा. कंपनीचं नाव, बॅच नंबर आणि मुदत फाइलवर लिहून घ्या. फिलरच्या खोक्यात तर निघणारे स्टिकर असतात, एक आपल्या कागदावर चिकटवून मागा. २०२४ मध्ये अमेरिकेत बनावट बोटॉक्समुळे लोक दवाखान्यात दाखल झाले होते. तिथं हे होतं, तर आपल्याकडे होणार नाही असं धरून चालू नये.

स्टिकरचा हट्ट मी का धरते ते सांगते. एक मुलगी संध्याकाळी क्लिनिक बंद करायच्या वेळेला आली, तोंडाला स्कार्फ. शेजारच्या गावातल्या एका पार्लरमध्ये दुपारी ओठ भरून घेतले होते. भरणारी बाई डॉक्टरही नव्हती आणि नर्सही, कसलासा कोर्स केलेली होती. स्कार्फ काढला तर वरच्या ओठाची डावी बाजू पांढुरकी, आणि तिथून नाकाकडं निळसर-जांभळी जाळी चढलेली. मॅडमनी बोट दाबून उचललं. दाबल्यावर पांढरी पडलेली जागा लगेच लाल व्हायला हवी, ती होता होईना. फिलर रक्तवाहिनीत गेलं किंवा वाहिनी बाहेरून दाबली गेली की असं होतं. मॅडमनी विचारलं, कुठलं फिलर होतं? तिला माहीत नव्हतं. पार्लरला फोन लावला, उचलला नाही.

हायल्युरॉनिक ॲसिडचं फिलर असेल तर ते विरघळवणारं इंजेक्शन असतं, हायल्युरोनिडेझ. दुसऱ्या कुठल्या पदार्थाचं असेल तर त्याचा उपयोग नाही. मॅडमनी वाट न बघता ते दिलं, थोड्या वेळानं पुन्हा दिलं, मी गरम फडक्यानं शेकत होते. रात्री कधीतरी ओठाला रंग यायला लागला. पोरगी सुटली. उशीर झाला असता तर तेवढी कातडी मेली असती. कपाळ-नाकाच्या भागात तर याहून वाईट होऊ शकतं, तिथल्या वाहिन्या डोळ्याला जाणाऱ्या वाहिन्यांशी जोडलेल्या असतात आणि क्वचित नजरही जाते. म्हणून फिलर घेण्याआधी एक प्रश्न विचाराच: ‘हायल्युरोनिडेझ आत्ता या क्लिनिकमध्ये आहे का?’ जो डॉक्टर या प्रश्नावर चिडेल तिथून उठा. आणि डॉक्टर म्हणजे डॉक्टर, त्वचेचे किंवा प्लास्टिक सर्जरीचे शिकलेले, महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक असलेले. भिंतीवर फ्रेम केलेली वीकेंड कोर्सची सर्टिफिकेटं मोजू नका.

दुखतं का? कपाळाला मुंगी चावल्यासारखं, पाच-दहा वेळा, संपलं. ओठाला खरं दुखतं. तिथं बधिर करायचं क्रीम लावून अर्धा-पाऊण तास बसवतात, आणि बऱ्याच फिलरमध्ये भुलीचं औषध मिसळलेलंच असतं. खासबागच्या मैदानात कुस्त्या मारलेला एक पैलवान गडी आठ्यांसाठी आला होता. सुई बघितल्याबरोबर डोळे पांढरे केले, पाय वर करून झोपवावं लागलं. शेजारच्या खुर्चीतल्या आजी म्हणाल्या, ‘मला आधी घ्या, माझी बस हाय.’

आता पहिल्या प्रश्नाकडं येते. बेतानं दिलेलं बोटॉक्स कुणाला कळत नाही. ‘सुट्टीवर होतीस काय?’ एवढंच लोक विचारतात. गोठलेलं कपाळ, हसतानाही न हलणारे डोळे, हे सगळं जास्त दिल्यामुळे होतं. पहिल्या वेळी कमीच घ्या, वाढवता येतं. इंजेक्शन दिल्या-दिल्या बारीक फुगे येतात, ते अर्ध्या तासात बसतात. बिंग फोडतो तो काळा-निळा डाग. डोळ्यांच्या कडेला बारीक शिरा असतात, तिथं कितीही जपलं तरी कधी कधी डाग पडतोच आणि आठवडाभर राहतो. फिलरनंतर ओठ दोन-तीन दिवस सुजलेले असतात, तेव्हा मास्क लावा नाहीतर माहेरी जा.

घरात लपवायचा अट्टहास मात्र बघण्यासारखा असतो. (पुढचं ओळखू येणार नाही इतकं बदलून सांगते.) एकदा एक सासूबाई ‘चामखीळ दाखवायला’ म्हणून येऊन बसल्या. दहा मिनिटांनी त्यांची सून ‘पिंपल्स’साठी आली. दोघीही मागच्या महिन्यात कपाळाचं करून गेलेल्या, दोघींनाही एकमेकींचं ठाऊक नाही. ‘आवो आई, तुम्ही?’ ‘मी आपली चामखीळ दाखवायला आलोय. तू गं?’ फाइली आत न्यायच्या होत्या आणि कुणाची आधी न्यावी हे मला सुचेना. दोघींना काय वाटलं असेल ते असो, दोघींचीही कपाळं त्या वेळी तसूभर हलली नाहीत.

लग्नाचा हंगाम आला की घाईच्या फेऱ्या सुरू होतात. परवाच्या हळदीसाठी आज बोटॉक्स करा म्हणणाऱ्यांना मॅडम परत पाठवतात. सुरुवातीचा फरक तीन-चार दिवसांनी दिसतो, पूर्ण फरक दोन आठवड्यांनी. मध्ये डाग पडला, एक भुवई जरा वर राहिली, तर दुरुस्तीलाही वेळ हवा. पहिल्यांदाच करणार असाल तर कार्याच्या दीड महिना आधी या. नवरदेव-नवरीनं तर आधी कधी केलं नसेल तर या घाईत करूच नये, असं माझं मत.

काही जणांना मॅडम सरळ नाही म्हणतात. दिवस गेलेत, बाळ अंगावर पितंय, मायस्थेनिया ग्रॅव्हिससारखा स्नायूंचा आजार आहे, किंवा जिथं टोचायचं तिथंच गळू-पुरळ आहे, तर नाही. रक्त पातळ व्हायच्या गोळ्या चालू असतील तर सांगा, पण स्वतःच्या मनानं बंद करू नका. हार्टवाल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय ॲस्पिरिन सोडून आलेल्या काकांना आम्ही तसंच घरी धाडलं होतं. फिश ऑइल आणि व्हिटॅमिन ई घेत असाल तर तेही सांगा, डाग पडायला त्यांचीही मदत होते. ओठांवर वरचेवर फोड उठायची सवय असेल तर आधी बोला, गोळ्या देऊन मग ओठाला हात लावतात. आणि वीस वर्षांच्या पोरी मोबाइलमधला फिल्टर लावलेला स्वतःचाच फोटो घेऊन ‘असं करा’ म्हणून येतात. एफडीएनं फिलरना मान्यता दिलीय ती २२ वर्षं आणि त्यापुढच्यांसाठी. मॅडम त्यांना सनस्क्रीन लिहून देतात. पोरी नाराज होऊन जातात, त्यातल्या काही जणी आईला घेऊन भांडायला येतात.

नंतरची पथ्यं फार नाहीत. चार तास आडवं पडायचं नाही, जागा चोळायची नाही. त्या दिवशी जिम, दारू, डोक्याला तेल लावून मालिश, काही नको. फेशियल दोन आठवडे नको. घट्ट हेल्मेट कपाळावर दाबून बसतं, म्हणून कपाळाचं करून घ्यायला येताना गाडी स्वतः चालवत येऊ नका, रिक्षानं या. ‘अंबाबाईला जाऊन घरी जातो’ असं बऱ्याच जणी म्हणतात. अवश्य जा, पण त्या दिवशी डोकं टेकवून नमस्कार नको आणि कुंकू लावून घेताना सांभाळा. कुंकवाची जागा म्हणजे आपल्या पाच टोच्यांमधली बरोबर मधली जागा आणि देवळात कुंकू बोट दाबून लावतात. लांबूनच हात जोडा, देवी रागवायची नाही.

बोटॉक्समुळे क्वचित एक पापणी जड होते, अर्धी मिटल्यासारखी. औषध थोडं खाली उतरलं की होतं. घाबरू नका, काही आठवड्यांत आपोआप बरं होतं आणि मधल्या काळासाठी डोळ्यांत घालायचे थेंब असतात. पण गिळायला त्रास, बोलताना जीभ जड, धाप लागणं, यातलं काही झालं तर क्लिनिक उघडायची वाट न बघता थेट मोठा दवाखाना गाठा. फिलरचं सांगितलंच आहे: वाढत जाणारं दुखणं, पांढरा किंवा जाळीदार निळा रंग, नजरेत फरक, यात रात्री दोन वाजता फोन केला तरी चालतो.

बंद केलं तर आधीपेक्षा जास्त म्हातारं दिसतं, ही अफवा कुणी उठवली कोण जाणे. बोटॉक्सचा असर तीन-चार महिन्यांत जातो, स्नायू पुन्हा हलायला लागतो, आठ्या होत्या तिथं परत येतात. फिलर सहा महिने ते दीड वर्ष टिकतं, जागेवर आणि जेलवर अवलंबून. सवय औषधाची लागत नाही, आरशात बघायची मात्र लागते, आणि त्या सवयीला मॅडमकडं इंजेक्शन नाही.

राहता राहिला दोन आठवड्यांनंतरचा फेरा. निम्मे लोक येतच नाहीत, उगाच पुन्हा पैसे लावतील या भीतीनं. या. तेव्हा मी परत फोटो काढते, त्याच खुर्चीत, त्याच उजेडात, एकदा आठ्या घालून आणि एकदा न घालता. ‘काहीच फरक नाही, पैसे पाण्यात’ म्हणणाऱ्या बाईला दोन्ही फोटो शेजारी लावून दाखवले की ती गप्प बसते आणि ‘हा आधीचा डिलीट करा बघू’ म्हणून मागं लागते. डिलीट करत नाही, फाइलला लागतो. एक भुवई वर राहिली असेल, कुठं रेघ हलत असेल, तर दोन-चार युनिट अजून द्यायचे की नाहीत ते मॅडम तेव्हाच बघतात. त्याचे आम्ही वेगळे पैसे घेत नाही. तुम्ही दुसरीकडं करणार असाल तर तिथं घेतात का, हे सही करायच्या आधी विचारून ठेवा.